कुरकुरणारं पेडल

पायानं ढोल वाजवण्यात आमच्या पंचक्रोशीत माझ्या तोडीचा माणूस नाही. पंचक्रोशीत तसा ढोल एकच आहे, ही गोष्ट वेगळी.

वाद्यं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची, तेव्हाचं हे. जत्रेतला आमचा ऑर्केस्ट्रा तासाभरावर आला आणि माझं पेडल कुरकुरायला लागलं. पेडल माझ्याच वयाचं, त्याला साखळीऐवजी कातडी पट्टा. पाय दाबला की पट्टा गोळ्याला ओढतो, गोळा ढोलावर आदळतो आणि स्प्रिंग त्याला मागं आणते. आमचे मास्तर दौलतराव म्हणाले, "आवाज थांबव, नाहीतर हे आजच भंगारात."

मी घाईघाईनं तेलाची बाटली काढली. स्प्रिंग म्हणाली, "मी नाही बाई, पट्ट्याला विचारा." पट्टा म्हणाला, "मी मऊ कातडं, मला कुठला आवाज? बिजागरी बघा." मी बिजागरीला तेल पाजलं, पट्ट्याला चोळलं, स्प्रिंग करकचून आवळली. पाय दाबला, तर गोळा उलटा येऊन माझ्याच नडगीवर बसला, आणि वर म्हणतो, "आवळली कोणी?"

कुरकुर होतीच. "भरले बाबा तुझे दिवस," असं पेडलला म्हणून मी नवं आणायला उठलो, तर कुरकुर माझ्याबरोबर उठली. चार पावलं टाकली, तर गुडघ्यातून चार वेळा वाजली.

मागून पेडलनं शांतपणे विचारलं, "मग अण्णा, भंगारात आधी कोण जायचं?"