टिमकीची शेंग आणि तुटका बोल्ट

रस्त्याच्या कडेला एक गॅरेज होतं. गॅरेजात एक लाल गाडी होती. गाडीमागच्या बिळात राहायची टिमकी उंदरी. टिमकी अंगठ्याएवढी. राग मात्र वांग्याएवढा.

टिमकीला तीन पिल्लं होती. सकाळी पिल्लं उठली. आई, भूक, म्हणाली. टिमकी निघाली तुरुतुरु. तिला सापडली एक शेंग. तिनं शेंग हलवली. खुळुखुळु. आत दाणे तीन. एकेकाला एकेक.

शेंग तोंडात धरून टिमकी गाडीवरून चालली. पाय घसरला, सुर्रर्र. शेंग सुटली आणि एका भोकात गेली, टुपुक. शेंग बारीक, ती गेली. टिमकी गुबगुबीत, ती जाईना.

भोकाजवळ होतं पत्र्याचं झाकण. झाकणाला होता एकच बोल्ट. गॅरेजवाल्या खंडूमिस्त्रींनी कालच तो फिरवला होता. तेल घातलं नाही. नुसता जोर लावला. कट्ट. बोल्टाचं डोकं तुटलं. धड आतच राहिलं, शेंडा तेवढा बाहेर. मिस्त्रींनी हात पुसले आणि स्टुलावर जाऊन बसले.

टिमकी म्हणाली, "झाकणा झाकणा, उघड की. शेंग मिळेना. पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

झाकण म्हणालं, "आधी बोल्ट निघू दे, मग मी उघडेन."

टिमकीला आला राग. शेपटी आपटली, फट् फट्. गेली बोल्टाकडे तुरुतुरु.

"बोल्टा बोल्टा, निघ की.
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

बोल्ट म्हणाला, "आधी गंज सोडू दे, मग मी निघेन."

गंज बसला होता बोल्टाला मिठी मारून. तांबडा तांबडा, खरखरीत. टिमकीनं शेपटी आपटली, फट् फट्.

"गंजा गंजा, सोड की.
बोल्ट निघेना,
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

गंज म्हणाला, "आधी तेल येऊ दे, मग मी सोडेन."

तेल होतं फळीवर, लांब नाकाच्या बुधलीत. टिमकी फळीवर चढली सरसर. शेपटी आपटली, फट् फट्.

"तेला तेला, ये की.
गंज सोडेना,
बोल्ट निघेना,
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

तेल म्हणालं, "आधी काका उठू देत, मग मी येईन."

काका म्हणजे तेच, खंडूमिस्त्री. स्टुलावर बसून पाय हलवत होते. टिमकी त्यांच्या बुटावर चढली. शेपटी आपटली, फट् फट्.

"काका काका, उठा की.
तेल येईना,
गंज सोडेना,
बोल्ट निघेना,
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

काका म्हणाले, "आधी पकड येऊ दे, मग मी उठेन."

पकड कुठं होती? शेजारी, शेवंतामावशीच्या चहाच्या टपरीवर. मावशी काकांच्या पकडीनं चहाचं गरम पातेलं उतरवत होती. टिमकी गेली तुरुतुरु. शेपटी आपटली, फट् फट्.

"मावशी मावशी, पकड दे की.
काका उठेनात,
तेल येईना,
गंज सोडेना,
बोल्ट निघेना,
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

मावशी म्हणाली, "आधी सांडशी येऊ दे, मग मी पकड देईन."

आणि सांडशी कुठं होती? गॅरेजात. खंडूकाकांच्या खिळ्याला, सुतळीनं टांगलेली. गरम लोखंड धरायला काकांनी ती मावशीकडून नेली, ती नेलीच.

टिमकी परत आली तुरुतुरु. शेपटी आपटली, फट् फट्, फट् फट्.

"काका काका, सांडशी द्या की.
मावशी पकड देईना,
काका उठेनात,
तेल येईना,
गंज सोडेना,
बोल्ट निघेना,
झाकण उघडेना,
शेंग मिळेना.
पिल्लं माझी उपाशी. ही कुठली रीत?"

काका म्हणाले, "आधी तिनं पकड द्यावी."

टपरीवरून मावशी म्हणाली, "आधी त्यांनी सांडशी द्यावी."

काकांनी तोंड तिकडे फिरवलं. मावशीनं तोंड इकडे फिरवलं. बसले दोघं फुगून.

मग मात्र टिमकीच्या मिशा थरथरल्या. ती मधोमध उभी राहिली.

"याला विचारलं तर आधी तो. त्याला विचारलं तर आधी ती. एवढी मोठी माणसं तुम्ही, आणि आधी कुणीच नाही? माझ्या पिल्लांची भूक थांबते का कुणासाठी? मग आधी मी."

टिमकी खिळ्यावर चढली सरसर. सुतळी कुरतडली, कुरुकुरु कुरुकुरु. सांडशी पडली, ठण्ण. टिमकीनं ती दातात धरली आणि लागली ओढायला. खर्र खर्र. जरा थांबली. धापा टाकल्या. खर्र खर्र. अंगठ्याएवढी उंदरी, हातभर सांडशी. थेट मावशीच्या पायाशी.

काका बघतच राहिले. मावशीही बघतच राहिली.

काका हळूच म्हणाले, "मी दिली नाही हं. तिनं नेली."

मावशी म्हणाली, "लाज वाटू द्या खंडूभाऊ." मग तिचंच तोंड एवढंसं झालं. तिनं सांडशी उचलली आणि पकड काकांच्या हातात दिली.

मावशीनं पकड दिली, काका उठले.

काका उठले, तेल आलं. टपक टपक.

आता काका परत जोर लावणार, एवढ्यात टिमकी बोल्टावर जाऊन बसली. म्हणाली, कालच्यासारखं घाईनं केलंत तर बोट चावेन. काका गपचूप थांबले. बोल्ट भिजला. भिजू भिजू भिजला. मग काकांनी हातोडीनं हळूच ठोकलं. टुक टुक.

तेल आलं, गंजानं सोडलं. भुरुभुरु.

गंजानं सोडलं, पकडीनं शेंडा धरला. उलटा फिरवला. किर्र, किर्र, किर्र. बोल्ट निघाला, टुणुक.

बोल्ट निघाला, झाकण उघडलं. खाड्.

झाकण उघडलं आणि शेंग पडली. टुप्प.

काका कान धरून म्हणाले, "चुकलंच माझं."

टिमकी म्हणाली, "हं." बाकी काही बोलली नाही. तोंडात शेंग होती ना.

बिळात गेली तुरुतुरु. शेंग फोडली, फट्ट. एक दाणा याला, एक दाणा त्याला, एक दाणा धाकट्याला. पिल्लं खाऊ लागली, कुडुम कुडुम. टिमकी त्यांच्याकडे बघत बसली. शेपटी आता गप्प होती.

शेंग फुटली, पोटं भरली, गोष्ट आपली इथं निजली.