नागू गुरवाची शंका

एका गावात एक भोळा गुरव होता. नाव नागू. सकाळची पूजा आटोपून तो देवळाच्या ओट्यावर पत्रावळी लावत बसला होता. रोजच बसायचा. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई आला.

"नागू, तुला पंच नेमायचंय. सर्जेराव पैलवानाच्या खटल्यात."

"कोण सर्जेराव?"

शिपायाला हायसं वाटलं. त्या संस्थानात कायदाच होता, की ज्याला प्रकरणाची काही माहिती नाही, तोच पंच. आणि सर्जेरावानं तर भर बाजारात, वाट सोडली नाही म्हणून, हरबा कोष्ट्याच्या डोक्यात तालमीतला मुद्गल घातला होता. हरबा जागीच गेला. सगळ्या बाजारानं पाहिलं. पण सर्जेराव म्हणजे संस्थानाची शान, घरोघर त्याची तसबीर. माहिती नसलेला माणूस मिळेना. शेवटी चार शहाण्यांनी माहिती नसल्याची शपथ घेतली. नागूला खरंच माहिती नव्हती.

हरबाची आई वेणाई रोज कोर्टात पुढच्या बाकावर बसे. पोरगा परत येणार नाही हे तिला कळत होतं. हे यानंच केलं, असं कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या दिवशी न्यायाधीश म्हणाले, "पंचांनो, कोर्टात सांगितलं जाईल तेवढंच धरा. बाहेर कोणी काही सांगितलं तर मनावर घेऊ नका."

नागू घरी आला. परसातून बायको ठकू ओरडली, "अहो, गाय पत्रावळीची पानं खातेय! हाकला तिला!"

"हे बाहेरचं झालं," नागू म्हणाला. "कोर्टात येऊन सांग."

गाईनं सगळी पानं खाल्ली. ठकूनं कपाळावर हात मारला. "माणूस घसा फोडून ओरडतोय, तर आधी त्याच्याकडे बघावं की नाही?"

"बरं, आता तसं करतो."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी माळीण साक्षीला आली. जे पाहिलं ते तिनं हळू आवाजात सांगितलं. पैलवानाचा वकील मात्र टेबलावर मुठी आपटून ओरडत होता. नागू दिवसभर वकिलाकडेच बघत बसला. माळीण काय म्हणाली, ते त्याच्या कानावरसुद्धा आलं नाही.

उठताना न्यायाधीश म्हणाले, "मनात शंका आली, तर तिचा फायदा आरोपीला द्या."

नागू घरी आला. गाय खुंट्याला बांधलेली होती. तोंडात पान होतं.

"पान आपलंच कशावरून?" नागू म्हणाला, आणि त्यानं दावं सोडलं.

गाय थेट पाटलाच्या ज्वारीत गेली. पाटलानं ती कोंडवाड्यात घातली. ठकूनं रात्र होईतो गाव पालथं घातलं. नागू ओट्यावर गप्प बसून होता.

"सोडली तुम्ही? मग सांगायला तोंड नव्हतं? मनात असेल ते विचारल्याबरोबर सांगून टाकावं, बाबा!"

"बरं, आता तसं करतो."

तिसऱ्या दिवशी पाचही पंच निकाल ठरवायला आतल्या खोलीत बसले. खिडकीबाहेर हलगी वाजत होती. लोक हार घेऊन उभे होते.

"मारलंय त्यानंच," सावकार हळूच म्हणाला. "पण माझं दुकान बाजारात आहे."

"माझा मुलगा त्याच्या तालमीत आहे," मास्तर म्हणाले.

वैद्यबुवा म्हणाले, "मला याच वाटेनं घरी जायचंय." चौथे सरदार होते. ते खिडकीतून खाली बघत राहिले.

मग मास्तरांनी विचारलं, "नागू, तुझ्या मनात काय आहे?"

नागूनं विचारल्याबरोबर सांगून टाकलं. "शंका आहे."

चौघेही ताठ बसले. "कसली रे?"

"पाटील आज गाय सोडतील का, याची."

खोलीत कुणी हसलं नाही. मास्तरांनी उपरणं सारखं केलं. "कायद्यात नुसतं शंका म्हटलंय," ते म्हणाले. "कसली, ते म्हटलेलं नाही."

सर्जेराव निर्दोष सुटला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. चार पंच मागच्या दारानं गेले. नागू पुढच्या दारानं आला. पायरीवर वेणाई उभी होती.

"गुरवा," ती म्हणाली, "मग माझ्या हरबाला मारलं कुणी?"

"सर्जेरावानं," नागू म्हणाला. "आतमध्ये सगळे तेच म्हणत होते."

"मग मोठ्यानं का नाही सांगितलंत?"

"ते आम्हाला कुणी विचारलंच नाही, आई."

नागू कोंडवाड्याकडे गेला. कोर्ट सुट्टीसाठी बंद झालं. मारलं कुणी, ते विचारायचं राहून गेलं.