पाटीतलं निळं फूल

डोंगरापलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात एक वैद्य होता. हाताला गुण केवढा! त्याच्या घराण्यात औषधं शिकवायची रीत एकच. पोराला रानात न्यायचं, पान तळहातावर चुरडायचं आणि हुंगायला लावायचं. दहा वर्षं असं हिंडलं, की वैद्य तयार.

वैद्याला एकच लेक, मैना. मोठी चौकस पोर. पण वैद्याला आता रानातली पायपीट नको झाली होती. एके दिवशी बाजारात त्याला जादूची पाटी मिळाली. तिला सांगाल ते ती लक्षात ठेवी आणि विचारलं की चित्र काढून दाखवी.

"सुटलो बुवा!" वैद्य म्हणाला. ओसरीवर बसून त्याने तीनशे औषधी पाटीला सांगून टाकल्या आणि पाटी लेकीच्या हातात दिली.

"बाबा, रानात कधी जायचं?" मैना विचारी.

"रानात काय ठेवलंय? सगळं आहे पाटीत."

वर्षा-दोन वर्षांत मैनेने तीनशेच्या तीनशे नावं घडाघडा पाठ केली. पाहुणे तोंडात बोटं घालत आणि वैद्य मिशीतल्या मिशीत हसे. याच काळात बसून बसून त्याचे गुडघे मात्र पुरते धरले.

आणि एका दुपारी मैनेच्या आईला साप चावला. औषध ताजंच लागणार होतं आणि रानाची चढण वैद्याला झेपणार नव्हती.

"मैने, भुईशेंडी आण! पळ!"

पोर पाटी घेऊन धावली. चित्रात निळं फूल होतं. रानात मात्र एकही फूल नव्हतं, कारण फुलांचा हंगामच नव्हता. जिकडेतिकडे नुसता हिरवा पाला. दिसेल ते उपटून तिने भारा आणला. वैद्याने एकेक पान चुरडून हुंगलं. हे नव्हे. हेही नव्हे.

"अगं, तिला कडवट वास असतो!"

"कडवट वास म्हणजे कसा, बाबा?"

वैद्याला सांगता येईना. काय सांगणार, कपाळ! मैना रडत पुन्हा धावली. दुसऱ्या भाऱ्यात भुईशेंडी होती. पण तोवर आई गेली होती.

"बाबा, मी तर सगळं पाठ केलं होतं," मैना म्हणाली.

"तुझं नाही गं चुकलं, पोरी. माझं चुकलं." वैद्य ढसाढसा रडला. लेकीला रानात न्यावं असं आता त्याला फार वाटे, पण त्याला उंबऱ्याबाहेरही चालवत नव्हतं.

तात्पर्य एवढंच: पाटी मुलांच्या हाती जरूर द्यावी, पण मुलांना पाटीच्या हवाली करून आपण मोकळं होऊ नये.