अंबारखान्याचे पाच झरोके

पिंपळकोटच्या या कलादालनात उत्तरेकडची भिंत रिकामी का, असे प्रत्येक पाहुणा विचारतो. तिच्यावर एकही चित्र नाही. आहेत ते केवळ पाच झरोके, हात आत जाईल एवढे.

ही वास्तू पूर्वी गढीचा अंबारखाना, म्हणजे धान्याचे कोठार होती. असे सांगतात, की एका श्रावणात कोंडलेल्या दमटपणाने आतले जोंधळे तापू लागले. आणखी चार दिवसांत ते कुजले असते आणि गाव उपाशी राहिले असते. परंतु कोठाराची भिंत फोडणाऱ्याचा हात तोडावा, असा सरदारांचा हुकूम होता, आणि सरदार होते मोहिमेवर. तेव्हा धान्य पाखडणाऱ्या सगुणेने ‘हात गेला तरी चालेल, दाणा वाचू दे’ असे ग्रामदेवीला सांगून पहार उचलली आणि उत्तरेच्या भिंतीत पाच झरोके पाडले.

सरदार परतले. “भिंत कुणी फोडली?”

“मी, सरकार. माझा हात तोडण्याआधी आपला हात धान्यात घालून पाहावा.”

जोंधळा गार होता, कोरडा होता. सरदारांनी मूठ उघडून दाणे परत राशीत सोडले, म्हणे. मग म्हणाले, “हिचा हात राहू द्या. आणि हे झरोकेही.”

तेच झरोके आम्ही बुजवले. सहा वर्षांपूर्वी कोठाराचे कलादालन करताना गवंडी मनोहर बेलदार, शाळेतला माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला होता, “बाई, झरोके असू द्या.” मी कलादालन समितीची अध्यक्ष, त्याला सुनावले, “कलादालनाला भोके शोभतात का रे?”

पहिलेच प्रदर्शन चित्रकार फरीदा मुजावर यांचे होते. श्रावण होता. तिसऱ्या दिवशी भिंतींना घाम फुटला आणि चित्रांवर बुरशीचे ठिपके उमटले. “बाई, माझी अकरा वर्षे आहेत ही,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी मनोहरला बोलावले. “फोड.”

पहार उचलून तो हसला. “हात तोडणार नाही ना, बाई?”

पाचही झरोके मोकळे झाले आणि वारा खेळू लागला. दोन दिवसांत भिंती सुकल्या. ठिपके मऊ कापडाने पुसले गेले. एकही चित्र गेले नाही. फरीदाताईंनी झरोक्यात हात घातला आणि तिथेच, भिंतीला टेकून, त्या खाली बसल्या. मीही बसले.

आजही येथे पहिले चित्र टांगण्यापूर्वी चित्रकार झरोक्यात हात घालतो. बोटांना गार वारा लागला, की तो मागे वळून मान हलवतो, आणि शिडी धरून उभा असलेला मनोहर म्हणतो, “आता लावा.”