डोळे मिटून धुतलेले पाय

कधी काळी, तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. खाडीकाठी एक ख्रिस्ती गाव होतं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मध्ये मातीदगडांचा एक बांध. गावाची भाकरी त्या बांधावर टिकून होती म्हणा ना!

या गावात पाटील निवडायची रीत न्यारी होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या पवित्र गुरुवारी पाटील होऊ इच्छिणाऱ्यांनीही बारा गावकऱ्यांचे पाय धुवायचे. मग गावातली सर्वांत वडील बाई एक प्रश्न विचारणार आणि नाव सांगणार. तिचा शब्द शेवटचा.

जुना पाटील वारला त्या वर्षी वडील बाई होती कतरीनबाय. आणि उमेदवार दोघं. एक टोपल्या विणणारा जोकीम, दुसरा कतरीनबायचा एकुलता एक मुलगा बस्त्याव. आता आली का पंचाईत!

सकाळीच बस्त्याव आईला म्हणाला, "आई, आज तुझ्या तोंडून माझंच नाव आलं पाहिजे. नाहीतर या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही."

म्हातारीने थेट देवळात जाऊन पाद्रीबाबांना सांगितलं, "बाबा, मला यातून सोडवा."

पाद्रीबाबा म्हणाले, "कतरीनबाय, गावाचा तुझ्यावर विश्वास आहे. तू तुझ्या मनाला विचार."

देवळाच्या अंगणात बारा जण बाकावर बसले. उजवा पाय बस्त्यावने धुवायचा, डावा जोकीमने. बस्त्यावने चांदीचं घंगाळ आणलं होतं, गुलाबपाणी आणलं होतं. वर आदल्या दिवशी निरोपही धाडला होता, "पाय घासून या रे!" भोळी माणसं, खरंच घासून आली. बस्त्यावने डोळे मिटून, ओठ हलवत एकेक पाय धुतला. "काय भक्ती आहे!" बायका कुजबुजल्या. जोकीमजवळ मातीचं भांडं होतं, आणि तो इतका सावकाश धुवत होता की लोक जांभया देऊ लागले.

शेवटी कतरीनबाय उठली. "बाबांनो, पाय धुतलेत. मग त्या पायांत तुम्हाला काय दिसलं?"

बस्त्याव हसला. "पायांत काय बघायचं, आई? मी तर डोळे मिटून प्रभूचं नाव घेत होतो."

"आणि जोकीम, तू?"

जोकीम चाचरत म्हणाला, "बाय, चौघांच्या तळव्यांना ताज्या चिरा आहेत. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापल्यासारख्या. कालवं तर बांधाच्या बाहेरच्या दगडांवर असतात. ही माणसं तिथे का उतरली असतील? बांध सुटला तर नाही ना?"

चौघांनी माना खाली घातल्या. एक म्हणाला, "पंधरा दिवस झाले, बाय. दगड निसटलेत. आम्हीच बसवतोय, पण पुरे पडत नाही. गावाला पाटील नव्हता, म्हणून बस्त्यावशेटना सांगितलं होतं. ते म्हणाले, पाटील झालो की बघू."

पौर्णिमेचं उधाण दोन दिवसांवर होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव नको!

कतरीनबायने मुलाकडे पाहिलं. तिला रडू फुटलं, पण शब्द फुटायचे थांबले नाहीत. "बस्त्याव, तू माझं काळीज आहेस रे. पण गाव माझं एकटीचं नाही. पाटील जोकीम."

"आमेन," गाव म्हणालं. बस्त्याव घंगाळ तिथेच टाकून निघून गेला. घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार. पाद्रीबाबा म्हणाले, "आजची प्रार्थना बांधावर." जोकीम गुडघाभर चिखलात सर्वांत पुढे उभा होता. मागे माणसांची रांग, हातोहात दगड येत होते. दुपारी बस्त्याव आला. लांब उभा राहिला, मग जोडे काढले. जोकीमने काही विचारलं नाही. थोडा सरकला आणि त्याला आपल्या शेजारी जागा दिली. दगड घेताना बस्त्यावच्या पायात कालवाचं शिंपलं रुतलं. तो कळवळला, पण जागचा हलला नाही.

शनिवारी उधाण आलं, बांधाला धडका देऊन परत गेलं. शेतं खारी झाली नाहीत. त्या संध्याकाळी कतरीनबायच्या घरी दोन ताटं वाढली गेली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला लोकांचं दुखणं दिसतं, त्याच्याच हाती लोकांचा कारभार द्यावा.