भावाच्या चेहऱ्यावरून गाव निवडणारा रंगारी

फार पूर्वी वेत्रनगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका रंगाऱ्याच्या घरी धाकटा मुलगा होऊन जन्मास आला. त्याचे नाव सोमिल. त्याच्या थोरल्या भावाचे नाव वप्पक. या कथेत जळला तो वप्पक, म्हणून ती त्याच्या बाजूनेच सांगायला हवी.

वप्पक वाईट रंगारी नव्हता. निळीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण बाजारात लोक त्याच्या निळ्या कापडापुढे थांबत आणि सोमिलच्या लाल कापडापुढे रेंगाळत. फरक एवढाच होता, आणि तो वप्पकाला दिवसभर टोचत राही. दोघे एकाच घाटावर कापड धूत, एकाच व्यापाऱ्याकडून मंजिष्ठेची मुळे घेत. मग लाल रंग त्यालाच का साधतो? वप्पकाने विचार केला, सोमिलची रंग उकळायची काहील प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे, त्याला ताजे पाणी मिळते, म्हणून. त्याने ती जागा मागून घेतली. सोमिलने दिली. पुढच्या बाजारात खालच्या अंगाला रंगवलेले लाल कापडच आधी संपले. त्या दिवशी वप्पक जेवला नाही. त्याची बायको रोहिका हिने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "पोटात दुखतंय." ते काही खोटे नव्हते.

एका वर्षी मोठा पूर आला आणि ओसरताना नदी आपले पात्रच बदलून गेली. वेत्रनगराच्या घाटाखाली वाळू आणि डबकी उरली. आधी कोळी गेले, मग परीट गेले, शेवटी रंगाऱ्यांनीही गाड्या जुंपल्या. वप्पकाबरोबर रोहिका आणि त्यांची मुलगी चंपिका निघाल्या. सोमिलबरोबर त्याची पत्नी उत्पला, तान्हे मूल आणि दोघा भावांची म्हातारी आई होती.

वाटेत शंखपूर नावाचे मोठे नगर लागले. उंच कोट, भरलेली पेठ आणि खाली वाहती नदी. तिथल्या रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख म्हणाला, "घाटावर एकाच बिऱ्हाडापुरती जागा आहे. कोण राहणार ते तुम्हीच ठरवा."

सोमिल पाण्यात उतरला. त्याने ओंजळभर पाणी चाखले, पांढरी चिंधी बुडवून उन्हात धरली. वप्पकाने पाणी चाखले नाही, पेठ पाहिली नाही, शेजारी कोण राहते तेही विचारले नाही. तो भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. चिंधी पाहून सोमिल जरासा हसला. वप्पकाला तेवढे पुरले.

"मी थोरला आहे," तो म्हणाला. "ही जागा माझी."

"पाणी चांगलं आहे, दादा," सोमिल म्हणाला. "पण घाटावर कोणी कोणाशी बोलत नाही, बघितलंस? वहिनीला आणि चंपिकेला इथं करमेल का, तेही बघ."

"तुला हवी आहे म्हणून मला घाबरवतोस?"

"नाही रे. तुला हवी असेल तर घे."

आणि तो गाडी हाकून डोंगराच्या वाटेने निघूनही गेला. वप्पक बराच वेळ घाटावर उभा राहिला. भावाने भांडायला हवे होते. सहज दिलेल्या वस्तूची गोडी वप्पकाला कधी लागत नसे.

शंखपुरात त्याला काम भरपूर मिळाले. घर उभे राहिले, अंगणात काहिली लागल्या. पण तिथले रंगारी त्याच्यासारखेच होते. एकाच्या दोरीवर सुरेख कापड वाळत असले की शेजाऱ्याला नेमके तेव्हाच अंगण झाडायचे सुचे, आणि धूळ उडे. चंपिका खेळायला गेली की आया आपापल्या मुलींना आत हाक मारीत. तरी रोहिका चिवट होती. तिने एकदोन घरांशी बोलणे जोडले, आणि कितीतरी काळाने चंपिकेला एक मैत्रीण मिळाली.

अशात एक कापडव्यापारी वप्पकाच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या गाठोड्यातून एक वस्त्र बाहेर डोकावत होते. ते लाल नव्हते, तपकिरीही नव्हते. नांगरलेल्या ओल्या मातीवर मावळतीचे ऊन पडावे, तसा त्याचा रंग होता.

"हे कुठलं?" वप्पकाने विचारले.

"डोंगरापलीकडच्या पलाशग्रामाचं. तिथं एक नवा रंगारी आलाय. राणीवशातसुद्धा हेच मागतात आता."

वप्पकाने रंगाऱ्याचे नाव विचारले नाही. त्याने ते वस्त्र बोटांत धरले, आणि त्याला आपले अंगण, आपल्या काहिली, आपले भरलेले कोठार, सारे एकदम फिके दिसू लागले.

घरात येऊन तो म्हणाला, "आपण पलाशग्रामाला जायचं."

रोहिका चुलीपुढून उठली. "का? इथं आपल्याला काय कमी आहे?"

"इथं काय कमी आहे ते मला माहीत नाही. तिथं काय जास्त आहे ते बघायचंय."

"अहो, पोरीला आत्ता कुठं एक मैत्रीण मिळालीय. रोपसुद्धा सारखं उपटून लावलं तर मरतं."

वप्पक गाडीच्या चाकांना वंगण घालू लागला. चंपिका रडली नाही. तिने फक्त मैत्रिणीकडून आणलेला सागरगोटा परत नेऊन दिला.

पलाशग्राम हे डोंगराच्या कुशीतले लहानसे गाव होते. वप्पक गाडीतून उतरला तो थेट ओढ्यावर गेला आणि या वेळी त्याने पाणी चाखले. ते लोखंडासारखे लागले. असल्या पाण्यात लाल रंग कधीच उजळत नाही, हे रंगाऱ्याचे मूलही सांगेल. सोमिल मात्र धावत आला, भावाच्या पाया पडला, गाडीतली भांडी स्वतः उतरवू लागला.

"असल्या पाण्यावर तू कशाला थांबलास?" वप्पकाने विचारले.

उत्तर उत्पलेने दिले. "वाटेत आईंना ताप भरला, भाऊजी. पुढं जाणं शक्यच नव्हतं. गावानं झोपडी दिली, म्हणून राहिलो. पहिलं लाल कापड काढलं तर ते हे असं मातकट. मी रडले. ह्यांनी ते तसंच दोरीवर टाकलं. गावातल्या बायका आल्या, म्हणाल्या, हा तर आमच्या मातीचा रंग! आणि तेच नेसून जत्रेला गेल्या. तिथून मागण्या यायला लागल्या."

वप्पकाच्या मनात आले, म्हणजे यात ह्याचे कर्तृत्व काहीच नाही. पाणी गावाचे, माती गावाची. मग मलाही हे का साधू नये?

सोमिलने त्याला अर्धा घाट दिला. मुळे किती घ्यावीत, जाळ केव्हा कमी करावा, कापड केव्हा उचलावे, सगळे दाखवले. काहीच लपवले नाही, आणि हेच वप्पकाला सोसेना. लपवलेले असते तर चोरता तरी आले असते. त्याचा रंग भावाच्या रंगाजवळ येई, पण कापडाच्या आत शिरत नसे. उलट त्याच्या निळीचे गावाला वेड लागले. सुतना नावाची एक कोष्टीण होती. ती कापड हातात घेऊन म्हणाली, "वप्पकभाऊ, एवढी खोल नीळ आम्ही जन्मात पाहिली नाही." वप्पकाला वाटले, हिला सोमिलनेच बोलायला शिकवले असणार. स्तुती त्याच्या कानापर्यंत येई आणि तिथेच आंबून जाई.

पुढे राजाच्या अमात्याकडून उत्सवासाठी वस्त्रांची मोठी मागणी आली. ती सोमिलच्या नावे होती. सोमिल म्हणाला, "दादा, आपण दोघं मिळून करू."

"नाव तुझं आणि हात माझे? नको," वप्पक म्हणाला.

सोमिलच्या सगळ्या काहिली लाल पाण्याने भरल्या, त्यांत कापड भिजू लागले. नेमके तेव्हाच ग्रामणीच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, मुलीचे लग्न निघाले. भर दुपारी सारा गाव मांडवात जमला. डोके दुखते म्हणून वप्पक मागे राहिला. नव्या भिंतीसाठी आणलेला चुना जवळच पडला होता. वप्पकाने टोपली भरली आणि एकेका काहिलीत चुना ओतला, काठीने ढवळला, हातांनी खाली दाबला. लाल पाणी काळेनिळे पडले. वर घाण फेस आला. वप्पकाच्या पोटातला जुना शूळ क्षणभर थांबल्यासारखा झाला.

तो वळला. वाळत घातलेल्या कापडांच्या मधोमध, उन्हात गुडघे शेकत, आई बसली होती. तिला चालवत नव्हते म्हणून तीही लग्नाला गेली नव्हती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

आई म्हणाली, "हात धू. चुन्यानं भाजतात."

संध्याकाळी गाव घाटावर गोळा झाला. ग्रामणी संतापला होता. "अन्नात आणि रंगात विष कालवणाऱ्याला या गावात थारा नाही. ज्यानं केलं त्यानं गाव सोडावं. सोमिल, तुझा संशय कोणावर?"

सोमिलची नजर भावाच्या बोटांवर गेली होती. त्यांची कातडी सोलवटली होती. बोधिसत्त्व कोणत्याही जन्मात खोटे बोलत नाही. पण खरे बोलून कोणाला बुडवावे असेही त्याला वाटत नाही. तो म्हणाला, "कोणी केलं ते मला कळलंय, पण नाव मी सांगणार नाही. काहिली माझ्या होत्या, नुकसान माझं आहे. माझ्याकडे पाहून कोणाच्या तरी पोटात एवढी आग पेटली. मी गेलो तर ती विझेल. गावाच्या शब्दाप्रमाणे कोणी जायचंच असेल, तर मी जातो."

लोक रडू लागले. सुतनेने पदर डोळ्यांना लावला. वप्पक गर्दीत उभा होता. आता घाट त्याचा, पाणी त्याचे, मागण्याही त्याच्याच होणार होत्या. आणि तरी सुतनेचे ओले डोळे पाहून त्याच्या मनात आले ते एवढेच, की हा गेला तरी जिंकून गेला.

सकाळी सोमिलची गाडी भरली गेली. वप्पक सवयीने जवळ आला. "कुठं जातोस?"

"ठरलं नाही, दादा. बैल नेतील तिकडं."

वप्पकाने त्याच्या चेहऱ्यावर गाव शोधले. आजवर ते नेहमी सापडत असे. आज तिथे काहीच नव्हते, फक्त रात्रभर न झोपलेला एक माणूस होता, आणि त्याच्या मागे कडेवर मूल घेतलेली उत्पला. सोमिल आईला उचलून गाडीत बसवायला वाकला, तेव्हा तिने त्याचा हात बाजूला केला.

"मी येत नाही. मी वप्पकाकडे राहते."

वप्पकाच्या तोंडून निघून गेले, "माझ्याकडे? आई, तू तर मला पाहिलंस..."

"पाहिलं म्हणूनच," आई म्हणाली. "सोमिल जाईल तिथं त्याला माणसं मिळतील. तुझ्याजवळ कोण बसणार रे?"

दोघांतून आईने आपल्याला निवडावे, ही वप्पकाची लहानपणापासूनची आस होती. आज ती पुरी झाली, आणि ते देणे त्याला पेलेना. तो धुळीतच बसला. त्याने सोललेले दोन्ही हात सगळ्यांसमोर वर धरले. "चुना मी टाकला," तो म्हणाला. "ग्रामणी, चुना मी टाकला."

मग रोहिका पुढे आली. "आम्ही जातो," ती म्हणाली. "बांधाबांध करायची सवय आहे आम्हाला." आणि चंपिका कोणी सांगायच्या आत घरात जाऊन आपली वस्त्रे घड्या करू लागली. दारातून ते पाहताना वप्पकाला पहिल्यांदा कळले, की आपल्या जळण्याचा चटका आजवर कोणाला बसत आला.

ग्रामणीने सोमिलकडे पाहिले. सोमिल म्हणाला, "काल तुम्ही बोललात ते लपून विष कालवणाऱ्याबद्दल. ह्यानं तर उघड्यावर सांगितलं. आता इतक्या काहिली घासायच्या आहेत, मला हात कमी पडताहेत. हे दोन हात मला द्या."

"दिले," ग्रामणी म्हणाला. "पण घासताना मी समोर बसणार."

अमात्याची मागणी शेवटी शंखपूरला गेली. दोघे भाऊ राख आणि वाळू घेऊन काहिली घासत बसले, आणि ग्रामणी खरोखरच समोर बसला.

त्या दिवशी वप्पकाचा मत्सर मेला असे कोणी समजू नये. असले दुखणे एका रात्रीत जात नाही. सोमिलने त्याला एकच सांगितले, "दादा, माझ्या रंगाला कोणी चांगलं म्हटलं की तूही मोठ्यानं म्हण, चांगला आहे." वप्पक म्हणू लागला. सुरुवातीला तो दात चावून म्हणे आणि सुतना हसू आवरीत निघून जाई. अशी वर्षे गेली. आई वारली. पलाशग्रामातच चंपिकेचे लग्न झाले. एक दिवस दूरचा कोणी वाटसरू कापड घेऊन वप्पकाच्या दारी आला. "लाल हवं असेल तर पुढच्या घरी जा," वप्पक म्हणाला, "त्याच्यासारखा लाल कोणी काढत नाही." आणि पुन्हा निळीत वाकला. कितीतरी वेळाने त्याच्या ध्यानात आले, की आज पोटात काहीच दुखले नाही.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली होती:

शेजारचा दिवा ज्याच्या डोळी सले,
त्याला कोणत्या गावी सुख लाभेल भले?
दुज्याच्या उजेडी ज्याचे मन निवे,
तो उतरेल तेथे घर त्याचे व्हावे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, पिंगल नावाच्या एका कासाराला सांगितली. तो बायकामुलांसह परगावी जायला निघाला होता आणि कुठे बिऱ्हाड करावे हे विचारायला आला होता. पण गावांची नावे घेताना तो दर वेळी एकच विचारी, आपला चुलतभाऊ कुठे गेला आणि तिथे त्याचे कसे चालले आहे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "पिंगला, त्या वेळचा वप्पक तू होतास. ती आई म्हणजे आजची वृद्ध भिक्खुणी खेमिका. ग्रामणी आणि सुतना म्हणजे इथे बसलेले उपासक-उपासिका. सोमिल रंगारी मीच होतो. आणि रोहिका म्हणजे तुझ्यामागे बसलेली ही तुझी पत्नी."

पिंगलाने मान खाली घातली. त्याच्या पत्नीने मात्र वर पाहिले.

दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे याला मुदिता म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती जोपासली आणि भावालाही शिकवली.