वाऱ्याकडची बाजू

त्या मुलखात सगळे मातीचे होते आणि सगळ्यांचं दूध संध्याकाळपर्यंत वाया जात असे. पहाटे धुकं उतरलं की उघड्या तोंडाच्या प्रत्येक मडक्यात दूध भरे. ते कुठून येतं, हे कुणी विचारत नसे. दिवसभर गार, दमट वारा वाही. दुपारपर्यंत दूध पिवळट दिसू लागे, दिवस कलला की त्याला तार सुटे, आणि मावळतीला सगळी मडकी रांगेनं चरापाशी जाऊन आपापलं पोट रिकामं करत. चराला कुबट वास होता. पण जन्मापासून तोच वास नाकात असल्यावर त्याला वास तरी कोण म्हणणार?

तिथे कुणी रडत नसे, हेही सांगायला हवं. दोन मडकी वाटेत भेटली की एक विचारी, "काय मग?" दुसरं म्हणे, "रोजचंच." एवढ्यावर भागत असे. एखादं मडकं मात्र एखाद्या पहाटे, धुकं उतरायच्या ऐन वेळी, पालथं होई. पालथ्यात दूध पडत नाही. दूध नाही म्हणजे ओल नाही, आणि ओल नसली की आठवड्याभरात त्याची माती बुडापासून भुसभुशीत होऊन झडू लागे. महिना-दीड महिन्यात उरे तो ढिगारा. बाकीची मडकी त्याला वळसा घालून चराकडे जात.

उताराच्या माथ्यावर एक घर होतं. त्याला दह्याचं घर म्हणत. फार पूर्वी कुंभार स्वतः तिथे आला होता. त्यानं पहिल्या मडक्यात बोटभर विरजण लावलं, आणि जाताना एवढंच म्हणाला, "मडक्यामडक्याला लावत जा." घरातली मडकी हे वाक्य विसरली नव्हती. रोज सकाळी ती एका सुरात तीनदा म्हणत, आणि म्हणून झाल्यावर आपण काहीतरी केलं असं त्यांना वाटे. मग ती तुसात अंग रुतवून, खेटून खेटून, चुलीच्या उबेला बसत. त्यांचं दूध रोज लागे. दही साठत जाई आणि साठून साठून आंबट ढाण होई, पण ते दही होतं, चरात ओतायची तार नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता.

खाली जाणं त्यांनी अगदीच टाकलं होतं असं नाही. वर्षातून एक दिवस वाटपाचा असे. घरातला सर्वांत मोठा, थोरला डेरा, पळी घेऊन पुढे निघे. त्याच्यामागे बाकीचे. खालच्या प्रत्येक मडक्यात ते पळीभर दही टाकत, वाक्य म्हणत आणि ऊन उतरायच्या आत परतत. खालचं दूध गार असे. गार दुधात विरजण तसंच बुडाशी पडून राही, संध्याकाळी तारेबरोबर तेही चरात जाई. दूध लागायला कोमट असावं लागतं, हे घरातल्यांना ठाऊकच नव्हतं, कारण गार दूध त्यांनी कधी पोटात घेतलंच नव्हतं. ते परत येऊन म्हणत, "आपण लावलं. त्यांचं दूधच तसलं." आणि हात झटकून तुसात शिरत.

या घरात उंबऱ्याजवळ एक बुडकुली राहत असे. चणीनं लहान, पातळ, भट्टीत अर्धीकच्ची राहिलेली. तिच्या पोटावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा उमटून राहिला होता. तो ओल्या मातीवर पडलेला डाग आहे, असं घरात सगळे म्हणत आणि म्हणून तिला दाराशी बसवलेलं. दाराच्या फटीतून वारा येई. तिचं वाऱ्याकडच्या बाजूचं दूध लागायला नेहमी उशीर होई. आतल्या बाजूला दही आणि बाहेरच्या बाजूला पाणचट, अशी तिची रोजची तऱ्हा. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर तिच्याच मातीला नावं ठेवली असती.

फटीतून तिला चर दिसे. चराच्या अलीकडच्या काठावर खालच्या मडक्यांतला एक मोगा रोज येई. काठाचा टवका उडालेला, गळ्याला जुनी भेग. तो ओती, क्षणभर थांबे आणि जाई. बुडकुली त्याला बरीच वर्षं बघत होती. बघताना तिला विशेष काही वाटत नसे. एकदा तो दारावरून जात असताना तिनं फटीतून विचारलंही होतं, "काय मग, दादा?" तो म्हणाला होता, "रोजचंच." बस.

एका संध्याकाळी मोगा आला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी नाही. तिसऱ्या सकाळी धुकं विरल्यावर तिला तो उताराच्या पायथ्याशी दिसला. पालथा होता.

त्या दिवशी तिला प्रथमच चराचा वास आला. इतकी वर्षं तो फटीतून येतच असणार. आता तो जाईना. वाक्य म्हणताना तिचा सूर चुकला. शेजारच्या गाडग्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं.

ती थोरल्या डेऱ्याकडे गेली. डेरा वाईट नव्हता. त्याचं पोट मोठं होतं आणि बोलणं मऊ.

"बाबा, खाली एक मोगा पालथा झालाय."

"होतात, पोरी."

"मी जाऊ का त्याच्याकडे?"

"वाटपाच्या दिवशी जाऊच की सगळे."

"तोवर त्याचा ढीग होईल."

डेऱ्यानं तिच्या पातळ काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझं वय नाही, पोरी, आणि भाजणीही नाही. त्या वाऱ्यात तू तडकशील. आणि जाऊन करणार काय? तुझं दही तुलाच धड लागत नाही."

हे खरंच होतं. बुडकुली जागेवर येऊन बसली. दुपारभर बसली. तिच्या मनात काही मोठं आलं नाही, धीर नाही, कळवळाही नाही. फक्त वास जात नव्हता. दिवस कलायच्या आत ती उंबरा ओलांडून उतार उतरली. कुणी अडवलं नाही. कुणाचं लक्षच नव्हतं.

खाली कुणी तिला या म्हटलं नाही. ती मोग्यापाशी गेली, शिकवल्यासारखं वाक्य म्हणाली आणि थोडं दही त्याच्या पालथ्या बुडावर घातलं. ते ओघळून मातीत गेलं.

मोगा आतून म्हणाला, "वरची दिसतेस. आज वाटप आहे?"

"नाही."

"मग?"

ती तिथेच बसली. वारा ज्या अंगानं येत होता त्या अंगाला बसली, कारण तशीच तिला सवय होती.

दोन दिवस काही घडलं नाही. पहाटे धुकं आलं, तिच्यात दूध पडलं, मोग्यात नाही. चराकडे जाणारी मडकी दोघांना वळसा घालून गेली. तिच्या आतल्या बाजूला दही धरत होतं, बाहेरची बाजू बधिर होत चालली होती. वर तुसात बसलेल्यांची तिला आठवण आली, पण तीही फार नाही. तिसऱ्या दिवशी मोग्याच्या बुडाजवळची माती सुटायला लागली. चिमूटभरच. ती बघून बुडकुली घाबरली. घाबरणं तिला नवं होतं. ती उठून जवळ सरकली आणि आपलं पोट त्याच्या पोटाला टेकवून बसली.

दुपारी मोगा म्हणाला, "ए बाई."

"काय, दादा?"

"डावीकडे सरक थोडी. तिथून वारा येतो."

ती सरकली. चौथ्या पहाटे धुकं उतरलं तेव्हा तो सरळ बसलेला होता.

त्याच्यात दूध पडलं. तिनं वाक्य म्हटलं नाही. काठाला काठ लावून बोटभर दही त्याच्यात सोडलं आणि वाट पाहिली. संध्याकाळी तार सुटली. मोगा चरावर जाऊन ओतून आला.

"मी आशा लावून घेतली नव्हती," तो म्हणाला. "तू घेतली असशील तर सोड. आमचं दूधच तसलं."

"दादा, माझंही तसलंच आहे," बुडकुली म्हणाली. "वाऱ्याकडून लागत नाही. आतल्या बाजूनं लागतं, तिकडे शेजारी खेटून बसलेले असतात म्हणून."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचा अर्थही आत्ताच लागत होता. मोगाही तिच्याकडे बघत राहिला. वरच्या घरात कुणाचं दूध लागत नाही, असं त्याच्या कानावर कधी आलं नव्हतं.

पाचव्या पहाटे दूध पडल्या पडल्या तिनं पुन्हा विरजण सोडलं, आणि या खेपेला वारा अंगावर घेऊन ती त्याला चिकटली. मधे फट राहू दिली नाही. दिवसभर ती हलली नाही. तिच्यातली होती नव्हती ती ऊब भिंतीतून भिंतीत जात राहिली. दुपारी तिच्या बाहेरच्या बाजूला बारीक आवाज झाला. मोग्यानं विचारलं, "काय वाजलं?" ती म्हणाली, "काही नाही." संध्याकाळी चराकडे निघालेली मडकी नेहमीसारखी वळसा घालू लागली, तेव्हा मोगा उठायला म्हणून कलला आणि थबकला. त्याच्या पोटातलं दूध कललं नाही. ते जागच्या जागी होतं, पांढरं आणि घट्ट.

तो बराच वेळ आत बघत बसला. मग म्हणाला, "बाई, हे बघ." ती बघायला वळू शकली नाही. बाहेरच्या बाजूनं ती काठापासून बुडापर्यंत तडकली होती, आणि तिचं दही भेगेतून मातीत झिरपत होतं.

पहाटेच्या धुक्यानं तिच्यात दूध भरलं, तेवढा भार तिला झेपला नाही. तिची सात खापरं झाली.

मोग्याला फार वाईट वाटलं. त्याला काही वाटून किती वर्षं झाली होती ते त्यालाही आठवेना. त्याला रडताना पाहून जाणारी मडकी थांबली, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. मोग्यानं खापरं गोळा केली. फेकवेनात, म्हणून ज्यावर अंगठ्याचा ठसा होता ते त्यानं स्वतःच्या पोटात ठेवलं. बाकीची सहा हातात धरून तो उभा राहिला. शेजारचं एक म्हातारं गाडगं म्हणालं, "दे एक माझ्याकडे. तुला एकट्याला किती होतील?" अशी ती वाटली गेली. आणि मोगा त्या सगळ्यांना म्हणाला, "असे लांब लांब बसू नका. वारा लागतो."

अर्ध्याकच्च्या मातीत दही भिंतीत मुरतं. वर्षानुवर्षं मुरलेलं ते, नुसतं खापर दुधात पडलं तरी पुरलं. संध्याकाळी मोग्याबरोबर आणखी सहा मडकी चरावर गेली नाहीत.

वाटपाचा दिवस उजाडला. या वर्षी घरातून निघताना जरा चिडचिड होती, कारण उंबऱ्याजवळची जागा रिकामी पडल्यापासून वारा थेट आत येत होता. दाराजवळच्या दोघा-तिघांचं दूध लागेनासं झालं होतं. कुणाच्या मातीत खोट निघाली, यावर वाद चालू होता. थोरला डेरा पळी घेऊन पुढे झाला. त्याला खाली गेल्यावर बुडकुलीचं विचारायचं होतं. ते तो कुणाला बोलला नव्हता.

खाली आल्यावर त्याला चर कोरडा दिसला. पलीकडे मडकी एकमेकांना खेटून लांबच लांब ओळीनं बसली होती. त्यानं पहिल्यात पळी बुडवायला म्हणून वाकून पाहिलं. आत दही होतं. दुसऱ्यातही दही. त्याच्या पळीला जागा नव्हती.

तो मोग्यापाशी आला. "आमची एक बुडकुली इकडे आली होती. लहानशी. कुठे आहे ती?"

मोगा हळूच एका अंगाला कलला. दही बाजूला झालं आणि बुडाशी एक खापर दिसलं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. डेऱ्यानं तो ओळखला. घरात इतकी वर्षं ज्याला डाग म्हटलं, तो त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिला.

वारा सुटला होता. घरातली मंडळी मागे उभी राहून कुडकुडत होती, आता वाक्य म्हणायचं की परतायचं हे त्यांना कळत नव्हतं. डेऱ्याच्या भल्यामोठ्या पोटातलं दूध गार पडत चाललं होतं. असं काही त्याला कधी झालं नव्हतं.

"बाबा, बसा," मोगा म्हणाला.

"कुठे?"

मोग्यानं ओळीच्या पार शेवटाकडे पाहिलं. तिथे एक मडकं त्याच पहाटे पालथ्याचं सरळ झालेलं होतं. अजून ते धड बसलं नव्हतं, थरथरत होतं, आणि त्याच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

डेऱ्यानं पळी खाली ठेवली. तो ओळीच्या कडेकडेनं चालत तिथवर गेला, त्या मडक्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या अंगाला बसला आणि त्याला टेकला.